आमचा खोंड कुठल्या दावणीत बांधायचा? उद्योगमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

स. न. वि. वि.

मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, घाटमाथ्यावर राहणारा टर्नर आहे. विट्याहून खानापूरला जाताना रस्त्याकडेला माझी पत्र्याची शेड लागते. आत दोन लेथ, एक सीएनसी आणि माझ्यासकट पाच माणसं. मला पत्रं लिहायची सवय नाही. ड्रॉइंग वाचायची आहे. पण गेल्या महिन्यात एका सरकारी कार्यालयातून टपाल आलं आणि ते वाचून झाल्यावर गप्प बसवेना.

आम्ही नऊ जणांनी मिळून अर्ज केला होता. विटा परिसरात हीट ट्रीटमेंट (धातू तापवून कडक करणं) आणि माल तपासणीचं एक सामाईक सुविधा केंद्र व्हावं, एवढाच अर्ज. लहान उद्योगांच्या समूहांसाठी असलेल्या क्लस्टर योजनेत अशी केंद्रं राज्यात इतर ठिकाणी झाली आहेत, म्हणून आम्हीही विचारलं. उत्तर आलं की आपल्या भागात या व्यवसायाचा समूह अस्तित्वात दिसत नाही, सबब अर्ज योजनेत बसत नाही. समूह अस्तित्वात नाही हे आम्हालाही माहीत होतं, साहेब. म्हणून तर अर्ज केला होता.

आधी एका पिनेची गोष्ट सांगतो. पुढचं सगळं त्यातच आहे.

ट्रॅक्टरच्या अवजारांना लागणाऱ्या पिना मी करतो. त्यासाठी ईएन-एट जातीच्या पोलादाचा बार लागतो. विट्यात तो दुकानात पाच-दहा फूट मिळेल, पण टनावर आणि टेस्ट सर्टिफिकेटसकट हवा तर सांगलीला जायचं नाहीतर कोल्हापूरच्या शिरोलीला. बार आला की कटिंग, टर्निंग, ड्रिलिंग माझ्याकडे होतं. मग इंडक्शन हार्डनिंग, म्हणजे विजेच्या कॉइलने तापवून पिनेचा पृष्ठभाग कडक करायचा. त्यासाठी माल शिरोलीला पाठवायचा, माझ्या शेडपासून नव्वद-शंभर किलोमीटर. हार्डनिंग झालेला माल ग्राइंडिंगला मिरजेच्या एमआयडीसीत. तिथून परत माझ्याकडे. मोजून, तेल लावून, बांधून गिऱ्हाइकाकडे. आणि गिऱ्हाईक कुठे? शिरोलीच्या बाजूलाच. म्हणजे पिन जिथून निघते तिथेच शेवटी पोचते, मधे जिल्ह्याची प्रदक्षिणा घालून.

दोनशे पिनांनी टेम्पो भरत नाही. त्यामुळे दोन-तीन लॉट साठवून मगच गाडी सोडतो. शिरोलीत माझ्यासारखाच एक टर्नर आहे, माझ्याबरोबर आयटीआयला होता. तो संध्याकाळी माल रिक्षा टेम्पोत टाकतो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माल हार्डनिंग होऊन त्याच्या दारात असतो. मला त्याच कामाला सहा दिवस लागतात. मजुरीचा दर दोघांना एकच मिळतो. गिऱ्हाईक पिनेचे पैसे देतं, अंतराचे देत नाही.

मागच्या दिवाळीच्या तोंडावर हार्डनेस पन्नास ते पंचावन्न मागितलेला लॉट होता. माझ्याकडे हार्डनेस मोजणारा रॉकवेल टेस्टर नाही, तो घ्यायचा तर एका मशीनचा हप्ता चुकेल. मी माल तसाच पुढे दिला. गिऱ्हाइकाच्या टेबलावर चाळीस पिना सेहेचाळीसवर अडकल्या. अख्खा लॉट परत. हेच शिरोलीच्या माणसाचं झालं असतं तर त्याने त्या चाळीस पिना पोत्यात घातल्या असत्या आणि दोन गल्ल्या ओलांडून हार्डनिंगवाल्याच्या पुढ्यात नेऊन आपटल्या असत्या. मी पुन्हा गाडी केली, पुन्हा आठ दिवस गेले आणि पुढची ऑर्डर दुसऱ्याला गेली. गिऱ्हाइकाचं काही चुकलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

कारखाने एकाच जागी का गोळा होतात, हे कळायला आमच्याकडे अर्थशास्त्र लागत नाही. शेजारच्या आटपाडी तालुक्यात खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो. घरच्या गोठ्यात बांधलेला खोंड कितीही देखणा असो, त्याला दर येत नाही. तोच दावणीत नेऊन बांधला की येतो. कारण घेणारा तिथे आलेला असतो, मधला दलाल तिथे असतो, दात बघणारा जाणता तिथे असतो. कासरे, म्होरक्या, घुंगुरमाळा विकणाऱ्यांची पालं तिथेच पडलेली असतात. आणि काल कुठला खोंड कितीला गेला ही बातमी चहाच्या पालावर फुकट मिळते. पुतण्या बी.कॉम. करतोय. त्याने सांगितलं की आल्फ्रेड मार्शल नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी हेच मांडून ठेवलंय: हाताशी कुशल माणूस, जवळ पुरवठादार आणि धंद्यातली खबर, या तीन गोष्टी जिथे असतात तिथेच पुढचा कारखाना येतो. म्हटलं, त्यांनी खरसुंडी बघितलेली दिसते.

पण बाजार कुणीतरी पहिल्यांदा भरवावा लागतो, आणि आमच्याच मुलखात तो कसा भरवला गेला हे आपल्याला ठाऊक असेल. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, त्यामागे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांचं पाठबळ होतं. त्या एका मागाचं पुढे काय झालं ते सगळ्या देशाला माहीत आहे. आज विट्यातल्या यंत्रमागवाल्यालाही सुताचा आणि कापडाचा भाव विचारायला इचलकरंजीला फोन लावावा लागतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडलजवळचा माळ दिला, वर भांडवलाला मदत केली. १९१० ची गोष्ट. माळावर निवडुंग आणि साप. त्याच माळाची किर्लोस्करवाडी झाली. त्याच औंध संस्थानच्या आश्रयाने कऱ्हाडजवळ १९१६ मध्ये ओगल्यांचा काचकारखाना उभा राहिला आणि तिथला प्रभाकर कंदील घरोघर गेला.

या तिन्ही ठिकाणी राज्यकर्त्याने आधी समूह दाखवा म्हणून कागद मागितला असता तर?

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आटपाडीही औंध संस्थानातच होती, आणि तिथे किर्लोस्करवाडी झाली नाही. कुंडलच्या माळाजवळ रेल्वेचं स्टेशन होतं, आटपाडीला रेल्वे नव्हती. अजून नाही. म्हणजे राजाची मर्जी पुरत नाही, रूळ आणि पाणीही लागतं, हे मला मान्य आहे. पण पाणी आता आलंय. १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरल्या, नागनाथअण्णा नायकवडींच्या मागे लोक वर्षानुवर्षं उभे राहिले, तेव्हा कुठे टेंभू उपसा योजनेचं पाणी कऱ्हाडजवळून टप्प्याटप्प्याने उचलत या माळावर आलं. डाळिंबं आली, कुठेकुठे ऊससुद्धा उभा राहिला. (दुष्काळी भागात ऊस हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.) शेतीला ओल आली, तरी पोरांचं जाणं थांबलं नाही. रविवारी रात्री विट्याच्या स्टँडवर जाऊन उभं राहा. पुण्याच्या गाडीला आयटीआय झालेली पोरं पोतं भरल्यासारखी भरलेली असतात. पाठीवर सॅक, हातात आईने दिलेला चटणी-भाकरीचा डबा. सोमवारी सकाळी ती चाकणला आणि भोसरीला मशीनवर उभी असतात. एका खोलीत सहा-सहा जण. मीही नऊ वर्षं तसाच राहिलो. लग्नाच्या बैठकीत मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात तो पगाराचा नसतो, ‘मुलगा पुण्यात आहे का?’ असा असतो. माझं लग्न मी पुण्यात असताना झालं म्हणून निभावलं.

पुण्याला जाणं ही अलीकडची गोष्ट. आमच्या भागाचं त्याआधीचं जाणं फार लांबचं आहे. माझे वडील बहात्तरच्या दुष्काळात सोळा वर्षांचे होते. खडी फोडून आणि सुकडी खाऊन कंटाळले आणि गावातल्या एका गलाईवाल्याबरोबर तामिळनाडूला गेले. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. मुशीत सोनं वितळवायचं, त्यात चांदी घालायची, तेजाबात चांदी विरघळवायची आणि खाली उरलेलं शुद्ध सोनं धुऊन घ्यायचं. वडिलांची बोटं कायमची पिवळट होती आणि तेजाबाच्या वाफेने त्यांना खोकला लागला, तो शेवटपर्यंत गेला नाही. पण सोन्याच्या तुकड्याचा नुसता कस बघून ते टंच, म्हणजे शुद्धता, सांगायचे, आणि मशीनवर काढलेला आकडा फार लांब नसायचा. आज केरळपासून पंजाबपर्यंत कुठल्याही सराफ बाजारात जा, मागच्या बोळात खानापूर-आटपाडीचा नाहीतर माण-खटावचा माणूस भट्टीसमोर बसलेला सापडेल.

आता मला सांगा, क्लस्टर म्हणजे दुसरं काय असतं? कौशल्य आहे, बापाकडून मुलाकडे आलेलं. भांडवल आहे. देशभरातल्या बाजाराची रोजची खबर आहे. फक्त भट्टी पेटते ती मदुराईत, त्रिशूरमध्ये, अमृतसरमध्ये. गावात उरलेत त्यांच्या पैशातून बांधलेले तीन मजली बंगले, त्यांच्या वर्गणीतून झालेली देवळं, आणि यात्रेपुरते उघडणारे दरवाजे.

आता तक्रारी. पहिली सर्वांत जुनी आहे आणि माझ्या मते सगळ्याच्या मुळाशी आहे.

आम्ही कुठल्या महाराष्ट्रात मोजले जातो? १९८३ मध्ये विभागांमधला असमतोल मोजायला दांडेकर समिती नेमली गेली, १९८४ ला तिने अनुशेष मांडला. पुढे १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळं आली. २०११ मध्ये त्याच विषयावर केळकर समिती नेमली, २०१३ मध्ये तिचा अहवाल आला. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. विदर्भ आणि मराठवाड्याचा अनुशेष खरा आहे, त्यांच्या ताटातलं आम्हाला नको. पण उर्वरित या शब्दात मुंबई आहे, ठाणं आहे, पुणं आहे, आणि त्यातच जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटावही आहेत. या सगळ्यांची सरासरी काढली की आम्ही श्रीमंत ठरतो. उरलेल्यातही आम्ही उरलेले. जिल्ह्याची सरासरी काढा, तेच. सांगली म्हटलं की मंत्रालयात कृष्णाकाठ दिसतो: साखर कारखाने, हळदीची पेठ, तासगावचे बेदाणे. वाळव्याचा ऊस आणि जतची कुसळं एकाच बेरजेत जातात. तिकडे साताऱ्यातही तेच. नीरा नदी ओलांडली की शिरवळ-खंडाळ्याचे कारखाने सुरू होतात, म्हणजे पुण्याचं ओतू गेलेलं दूध. ते साताऱ्याच्या हिशेबात धरलं जातं आणि जिल्हा औद्योगिक दिसायला लागतो. दहिवडीच्या पोराला त्याचा उपयोग एवढाच, की पुण्याची गाडी शिरवळवरून जाते.

जतचं तर काय सांगावं. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी हद्दीवरच्या जतमधली गावं कर्नाटकात घेण्याचा विषय काढला, तेव्हा मुंबईत खळबळ उडाली आणि जतला पाणी देणाऱ्या विस्तारित म्हैसाळ योजनेच्या फायली पळायला लागल्या. आमच्या खानापूरला दुसऱ्या राज्याची हद्द लागत नाही. आम्ही कुणाकडे जातो म्हणायचं?

दुसरी तक्रार सवलतींची. एमआयडीसी १९६२ ची, सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ ची. उद्योग मुंबई-ठाणे-पुण्यात अडकू नयेत म्हणून तालुक्यांना अ, ब, क, ड, ड-प्लस अशा पायऱ्या लावल्या. जेवढा मागास तेवढी सवलत जास्त. हेतू चांगला. पण सवलत मिळते ती मुख्यतः कराच्या परताव्यात, मुद्रांक शुल्काच्या माफीत, वीज शुल्काच्या माफीत. मजुरीवर काम करणाऱ्या माझ्यासारख्याचा जीएसटी असतो केवढा आणि परत येणार केवढा? आणि आला तरी त्या परताव्याने माझ्या शेजारी हार्डनिंगची भट्टी येत नाही. खोंड घरीच बांधा, आम्ही पेंडीचे थोडे पैसे देतो, असं हे धोरण आहे. पेंडीबद्दल आभार. पण गिऱ्हाईक अजून खरसुंडीलाच आहे.

तिसरी, वीज. थोडक्यात सांगतो. सीएनसीवर कट चालू असताना वीज एक सेकंद जरी डुलली तरी स्पिंडल थांबतो, कापणारं इन्सर्ट तुटतं आणि पीस भंगारात जातो. गेल्या उन्हाळ्यात एका आठवड्यात असं अकरा वेळा झालं, मी भिंतीवर खडूने रेघा मारून ठेवल्यात. दर मला चाकणच्या कारखान्यासारखाच लागतो. शेतीपंपांच्या लाइनवर लटकलेल्या शेडला वीज मात्र शेतीपंपासारखी मिळते.

चौथी, औद्योगिक वसाहती. पाटी आहे, कमान आहे, आत अंतर्गत रस्ते आहेत. प्लॉट दिलेले आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशांवर बाभळी उगवल्या आहेत. ज्यांनी घेतले त्यांनी दर वाढायची वाट बघत घेतले. मला पाच गुंठे हवे होते. माप एवढं लहान नसतं असं सांगितलं गेलं. म्हणून मी माझ्या वाटणीच्या कोरडवाहू रानात शेड टाकली आणि एनएसाठी, म्हणजे जमीन बिगरशेती करून घेण्यासाठी, दीड वर्ष चपला झिजवल्या. वसाहती ओस पडल्या की तिथे काय येतं तेही आम्ही पाहिलं. २०२५ च्या जानेवारीत विट्याजवळच्या कार्वे वसाहतीत पोलिसांचा छापा पडला आणि एमडी ड्रग्जचा कारखाना सापडला. विट्याचं नाव सगळ्या चॅनेलवर झळकलं. उद्योगासाठी एवढी प्रसिद्धी आमच्या तालुक्याला त्याआधी मिळालेली नव्हती.

घोषणांबद्दल लिहीत नाही. रांजणीचा ड्रायपोर्ट, मग सलगऱ्याचं लॉजिस्टिक पार्क, तिकडे म्हसवडकडे बंगळूर-मुंबई कॉरिडॉर. आमच्याकडे आता लहान पोरंसुद्धा ‘कॉरिडॉर आल्यावर देतो’ म्हणून उधारी मागतात.

आपले सल्लागार म्हणतील की उद्योग जिथे परवडतात तिथेच जाणार, ओढून नेले तर बुडतात. बरोबर आहे. सवलत संपली की कुलूप लावून गेलेले कारखाने आम्हीही पाहिले आहेत. म्हणून मी मोठा कारखाना मागत नाही. चाकणमधला एखादा प्रकल्प उचलून आमच्या माळावर ठेवा, असं माझं म्हणणं नाही. चाकणच्या चौकात ट्रकमागे तासभर उभं राहणाऱ्या कारखानदाराला विचारा, त्यालाही आता दाटी परवडेनाशी झाली आहे. तो लहान सुटे भाग बाहेर करून घ्यायला तयार होईल. पण तो विचारेल की हार्डनिंग कुठे करता, प्लेटिंग कुठे करता, रिपोर्ट कुणाचा देता. त्या प्रश्नाला उत्तर असावं, एवढ्यासाठी हे पत्र.

मागण्या अशा:

विट्यात एक सामाईक सुविधा केंद्र द्या. इंडक्शन हार्डनिंगचं एक मशीन, एक कार्बुरायझिंगची (पोलादाच्या पृष्ठभागात कार्बन मुरवायची) भट्टी, एक सिलिंड्रिकल ग्राइंडर, आणि रॉकवेल टेस्टरसह तपासणीची खोली. खानापूर, आटपाडी, कडेगाव या तीन तालुक्यांतल्या शेडना ते पुरेल. आम्ही दर देऊन वापरू, फुकट नको.

दुष्काळी तालुक्यांसाठी क्लस्टर योजनेची अट उलटी करा. समूह असल्याचा पुरावा मागू नका, केंद्र झाल्यावर तीन वर्षांत किती शेड वाढल्या तो हिशेब मागा. उद्योजकांची कंपनी काढून हिस्सा आधी भरायची अट आहे, तो हिस्सा आम्हाला हप्त्याने भरू द्या.

गलाईचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देणारी संस्था विट्यात काढा. जून २०२१ पासून दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा होत गेला आहे. शुद्धतेचं काम आता डोळ्यावर आणि अनुभवावर चालणार नाही, त्याला कागद लागेल. देशभर विखुरलेल्या आमच्या माणसांना तो कागद त्यांच्या गावात मिळू द्या. तेजाबाची वाफ ओढून घेणारी यंत्रणा कशी बसवायची, तेही तिथेच शिकवा. माझ्या वडिलांच्या वेळी ते शिकवायला कुणी नव्हतं.

वसाहतीत पाच वर्षांहून जास्त काळ पडीक असलेले प्लॉट परत घ्या आणि गुंठ्यांच्या मापात वाटा. वसाहतीला आणि रस्त्याकडेच्या शेडना शेतीपासून वेगळा फीडर, म्हणजे वेगळी वीजवाहिनी, द्या.

आणि राज्याच्या आर्थिक पाहणीत उद्योग, नोंदणीकृत कामगार आणि औद्योगिक वीजवापर यांचे आकडे तालुकावार छापा. याला तर जवळपास पैसाही लागत नाही. एकदा जत आणि वाळवा वेगवेगळ्या ओळींत दिसले की पुढचं बोलणं सोपं होईल.

या पत्राचं उत्तर आपल्या खात्याने लेखी द्यावं, नकार असला तरी चालेल. नकारात कारण मात्र तालुक्याचं असावं, सरासरीचं नसावं. आपला विट्याचा दौरा झाला तर शेडवर या. बसायला खुर्ची एकच आहे, पण मशीन दाखवीन आणि भिंतीवरच्या त्या अकरा रेघाही दाखवीन. मधल्या पावसाळ्यात त्या थोड्या पुसल्या आहेत.

कळावे.

आपला,
उर्वरित महाराष्ट्रातला एक टर्नर
ता. खानापूर, जि. सांगली

ता. क. पत्र पुरं करेपर्यंत शिरोलीहून फोन आला. हार्डनिंगची कॉइल जळाली आहे, माल गुरुवारी मिळेल. गाडी मी आज सकाळीच सोडली आहे.